शिंगाच्या मुठीवर फट, चीर की नुसती रेघ? घडीच्या चाकूची दर उन्हाळ्यातली तक्रार

दरवर्षी होळी झाली की माझ्याकडे चाकू परत यायला लागतात. आणणारा माणूस चाकू उघडतही नाही. मिटलेलाच पुढे करतो आणि मुठीच्या कडेवरून अंगठा फिरवून दाखवतो. "अण्णा, पट्टी आत गेली बघा. घेतला तेव्हा बोटाला काही कळत नव्हतं, आता पोलाद लागतंय." जून सरता सरता या तक्रारी थांबतात, आणि श्रावणात नेमकी उलटी तक्रार येते: पट्टी पोलादाच्या वर आली. पुष्कळदा चाकू तोच असतो.

मी सोलापुरात घडीचे चाकू हातानं बनवतो. पातं पोलादाचं, दोन्ही बाजूंना पोलादाचे नाहीतर पितळेचे पातळ लायनर, म्हणजे आतले पत्रे, आणि त्यांवर पिना ठोकून नाहीतर स्क्रूनं बसवलेल्या म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या. शिंगावर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी दोष नसतात. पण काही खरोखरच दोष असतात, आणि 'नैसर्गिक आहे हो' म्हणून ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं मला पटत नाही. म्हणून कशाला हात लावायचा, कशाला नाही, आणि मुख्य म्हणजे कोणत्या महिन्यात लावायचा, ते सविस्तर लिहितो.

आधी शिंग समजून घेऊ. बेंदराच्या आधी बैलाची शिंगं साळताना ज्यानं पाहिलंय त्याला फार सांगावं लागत नाही. साळताना पातळ, उजेड आरपार जाईल असे पापुद्रे वळत वळत खाली पडतात. शिंगाची घडण तीच: आत हाडाचा गाभा, त्यावर केराटिनचे थरावर थर. आपल्या नखात आणि केसातही तेच केराटिन असतं. गाभा काढला की शिंग बुडाकडे पोकळ राहतं, टोकाकडे भरीव. टोक जनावराच्या लहानपणीचं, बूड अलीकडचं. त्यामुळे एकाच शिंगाच्या दोन जागांहून काढलेल्या पट्ट्या सारख्या वागत नाहीत. आपली पंढरपुरी म्हैस तर शिंगांसाठीच ओळखली जाते, तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे गेलेली. पण इतक्या लांब शिंगातूनसुद्धा मुठीसाठी सरळ, जाड आणि न फुटलेला तुकडा थोडाच निघतो.

केराटिन हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. १७८३ मध्ये द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं याच गुणावर केसाचा आर्द्रतामापक मांडला: ताणून बसवलेला केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो आणि काटा हलतो. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला तर माणसाचा केस लांबीत साधारण २ ते २.५ टक्के वाढतो, जाडीत त्याच्या कितीतरी पट. शिंगाचंही तसंच. वाढीच्या दिशेनं कमी हलतं, आडवं जास्त. पोलाद मात्र हवेतल्या ओलाव्यानं जागचं हलत नाही. एकाच मुठीत दोघं एकमेकांना चिकटलेले आहेत, झगडा तिथंच आहे.

सोलापुरात हा झगडा जरा जास्तच होतो. आपला भाग पर्जन्यछायेचा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि माझ्या भिंतीवरचा आर्द्रतामापक दुपारी २५ टक्क्यांच्या खाली येतो. तोच काटा ऑगस्टमध्ये ७५-८० दाखवतो. चाकू जिथं राहतो तिथली हवाही बघा. एका गिऱ्हाइकाचा चाकू रात्रभर एअर कूलरसमोरच्या टीपॉयवर असायचा आणि दिवसभर गाडीच्या डॅशबोर्डवर. म्हणजे शिंगाला रोज एक पावसाळा आणि एक उन्हाळा. ती पट्टी दीड महिन्यात उचलली.

पोलाद बोटाला लागतंय

उन्हाळ्यात पट्टी आखडली की लायनरची कड तिच्याबाहेर डोकावते. नख आडवं ओढलं तर टक् करून अडकतं. यात चाकूचं काही बिघडलेलं नाही, पण हाताला टोचतं हे खरं, आणि टोचणारी मूठ कुणालाच नको असते.

इथं मी एकदा मोठी चूक केली. सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकरी गिऱ्हाइकानं ऑगस्टमध्ये चाकू आणला. पट्टी वर आली होती. मी ती १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून पोलादाशी अगदी सपाट करून दिली, पॉलिशही केलं. मार्चमध्ये तो माणूस परत आला तेव्हा पोलादाची धार चांगलीच बाहेर आली होती. ऊस सोलताना तर्जनीच्या पेराला चीर पडली होती त्याच्या. फुगलेलं शिंग मी पोलादाशी जुळवलं होतं, आणि सुकल्यावर ते आणखी आत गेलं. शिंग गेलं की परत आणता येत नाही. ती पूर्ण पट्टी बदलून द्यावी लागली.

तेव्हापासूनचा नियम: पावसाळ्यात शिंग घासायचं नाही. पट्टी वर आली असेल तर असू दे. सुकेल तशी बसेल. पोलाद टोचत असेल तर उन्हाळ्यात, म्हणजे शिंग सर्वांत लहान असताना, पोलादाची कड मोडायची. शिंगाला हात लावायचा नाही. बारीक कानस नाहीतर ४०० नंबरचा पेपर लाकडाच्या पट्टीला गुंडाळून लायनरच्या कडेला किंचित गोलाई द्यायची. शिंगावर आधी मास्किंग टेप लावा. गोलाई दिलेली कड पावसाळ्यात शिंगाच्या आत दडते आणि उन्हाळ्यात बाहेर आली तरी टोचत नाही. नवा चाकू करताना मी आता लायनरची कड सुरुवातीलाच मोडून ठेवतो.

नख अडकतं पण फट दिसत नाही, तर चिंता नाही. पट्टी आणि लायनर यांच्या मधून उजेड दिसला किंवा पातळ कागद आत सरकला, तर मात्र ती पट्टी सुटते आहे. त्याचं पुढे लिहितो.

पांढरी रेघ आहे की चीर?

सर्वांत जास्त फोटो मला याचेच येतात. काळ्या शिंगात पांढरी, राखाडी नाहीतर मधाच्या रंगाची रेघ दिसते आणि माणूस घाबरतो. शिंग काळं असतं ते मेलॅनिनमुळे. जिथं ते रंगद्रव्य पोचलंच नाही तिथं शिंग फिकट राहतं. रेघ शिंगाच्या लांबीबरोबर वाहते, कडा विरघळल्यासारख्या असतात, कधी ढगासारखी पसरते. पुष्कळ लोक अशी रेघ मुद्दाम मागून घेतात, आणि माझ्याही मते सगळ्यात देखणी मूठ तीच.

ओळखायला मी चार गोष्टी करतो, त्याही याच क्रमानं.

पहिल्यांदा नख. रेघेला आडवं ओढा. रंग असेल तर नखाला काही कळत नाही. चीर असेल तर बारीकसं का होईना, खरखरतं.

मग मोबाइलचा टॉर्च. खोली अंधारी करून उजेड तिरका, जवळजवळ मुठीला टेकवून टाका. रंगाची रेघ कुठूनही पाहिली तरी तशीच दिसते. चिरेची एक कड चमकते आणि एक सावलीत जाते, आणि मूठ फिरवली की चमक बाजू बदलते.

तिसरं, चंदेरी डाग. फिकट शिंगाच्या पोटात कधी पाऱ्यासारखा चमकणारा पट्टा दिसतो. तो रंग नव्हे, दोन थरांमध्ये शिरलेली हवा आहे. अंगठ्यानं त्यावर दाब द्या. चमक कमी-जास्त झाली, सरकली, तर थर सुटलाय किंवा खाली गोंद पोचलेला नाही. हा दोष आहे, आणि बनवणाऱ्यानं तो मान्य करावा. ढिम्म हलली नाही, तर जनावर जिवंत असतानाच कधीतरी मार लागून थर दुभंगलेला असू शकतो. असा डाग वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहिलेला मी पाहिलाय. तरी विकताना दाखवून विकतो.

चौथं, तेलाचा थेंब. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब रेघेवर लावून पाच मिनिटांनी पुसा. पुसल्यावरही रेघ गडद, ओली दिसत राहिली तर तेल आत शिरलंय, म्हणजे चीर आहे. हे शेवटी करायचं, कारण तेल लागलेल्या चिरेत नंतर गोंद धरत नाही. चिरेची खात्री आधीच झाली असेल तर तेल लावूच नका.

केसासारखी बारीक, पृष्ठभागावरची चीर घरी बुजवता येते. स्पिरिटनं पुसून एक दिवस सुकू द्या. फेविक्विकसारखा पाण्याइतका पातळ गोंद सुईच्या टोकानं चिरेवर टेकवा, तो स्वतःच आत ओढला जातो. फुंकर घालू नका, पांढरट झाक धरते. तासाभरानं ६००, मग १००० नंबरचा पेपर पाण्याशिवाय, आणि शेवटी जुन्या सुती कापडावर पॉलिश. पिनेपासून निघून कडेपर्यंत गेलेली चीर मात्र अशी बुजवून उपयोग नाही. ती ताणामुळे आलेली असते आणि गोंदाच्या शेजारून पुन्हा फुटते.

दोन बाजू जुळत नाहीत

एका बाजूची पट्टी काळीभोर, दुसरी तपकिरी. "दोन वेगवेगळ्या जनावरांची लावली का हो?" असं विचारतात. कधी खरंच तसं असतं. पण बहुतेक वेळा एकाच शिंगाचा एकच तुकडा मधून फाडून पुस्तकासारखा उघडलेला असतो. करवत दोन मिलिमीटर खाते, वर घासण्यात आणखी दोन-अडीच जातात. पेपरचा एक-एक हात फिरेल तसा एक-एक थर उतरतो आणि खालचा रंग वर येतो. बाहेरून कोळशासारखं काळं शिंग आत चहासारखं निघालेलं मी अनेकदा पाहिलंय. माल निवडताना हे कळतच नाही.

रंगातला फरक दोष मानायचा की नाही, यावर माझं मत सरळ आहे. पट्टी बसवण्याआधी फोटो पाठवावा, गिऱ्हाइकानं हो म्हटल्यावरच पिना ठोकाव्यात. आधी सांगितलं की ती खुबी, नंतर सांगितलं की ती सबब.

फिकट शिंगाची एक वेगळीच गंमत आहे. ते अर्धपारदर्शक असल्यानं खालचं सगळं वर दिसतं. पितळेचा लायनर असेल तर सोनेरी झाक येते, पोलादाचा असेल तर करडी. गोंद एका कोपऱ्यात कमी पडला तर तिथं धुरकट डाग उमटतो. एका बाजूचा रंग अचानक, महिन्याभरात बदललाय असं वाटलं तर शिंग नव्हे, खालचा गोंद तपासा. यावर उपाय बनवतानाच करायचा असतो: पट्टीखाली पांढऱ्या नाहीतर काळ्या फायबरचा पातळ थर दोन्ही बाजूंना सारखा घालायचा. फिकट शिंगाखाली मी पांढराच घालतो, मूठ आतून उजळल्यासारखी दिसते.

काही जण सांबराच्या शिंगाची मूठ मागतात, वरचा खडबडीतपणा आवडतो म्हणून. मराठीत दोन्हीला आपण शिंगच म्हणतो, पण सांबर-चितळाचं शिंग हाडाचं असतं, दरवर्षी गळतं आणि पुन्हा येतं. गळून पडलेलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या व्यापाराला बंदी आहे. नान्नजच्या माळावरच्या काळविटाचं शिंग न गळणारं, केराटिनचंच, पण त्यालाही हात लावायचा नाही. मी लावत नाही, कुणी आणून दिलं तरी.

पातं एका बाजूला घासतंय

हे ऐकलं की लोक थेट पात्याचा मधला स्क्रू पिळायला बसतात, आणि तिथंच चाकू बिघडतो. पातळ लायनरला वाकलेली पट्टी आपल्याबरोबर ओढते. एक मिलिमीटरचं पोलाद शिंगापुढे सहज वाकतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. चाकू मिटून समोरून बघा, पातं कोणत्या बाजूला झुकलंय. मग पट्टीचे स्क्रू (मधला मोठा नव्हे, कडेचे छोटे) अर्धा-अर्धा फेरा सैल करा. पातं मध्यावर आलं तर चोर शिंग आहे. तसूभरही हललं नाही तर शिंगाला दोष देऊ नका, वॉशर किंवा मधला स्क्रू बघा. पिना ठोकलेल्या मुठीत ही तपासणी करता येत नाही. तिथं पट्टीच्या पाठीवर सरळ स्टीलपट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहायचं.

स्क्रूची पट्टी वाकली असेल तर काढा, काचेवर १८० नंबरचा पेपर पसरून तिची आतली बाजू आठाच्या आकड्यासारखी फिरवत सपाट करा. मधोमध केसभर खोलगट राहिली तर उत्तम, कडा घट्ट बसतात. गरम पाण्यात घालून दाबून सरळ करण्याचा मोह टाळा. शिंग उष्णतेनं मऊ होतं आणि दाबलं तसं बसतं हे खरं, शिंगाचे कंगवे करणारे पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. पण त्याला आपलं मूळ वळण आठवतं. पुन्हा ओल आणि ऊब मिळाली की ते परत वळायला लागतं. सोलापूरच्या पावसाळ्यात दोन्ही मिळतात.

स्क्रूची भोकं नेमकी मापाची नकोत, थोडी मोठी हवीत, म्हणजे पट्टीला हलायला जागा राहते. पिनेचंही तसंच. हातोडीनं पीन जास्त फुलवली की ती शिंगाला आतून फाडते. पिनेभोवती ताऱ्यासारख्या चिरा दिसल्या तर ती चूक बनवणाऱ्याची, हवामानाची नव्हे.

पट्टी सुटली

पाच मिनिटांत वाळणारा गोंद शिंगासाठी मी वापरत नाही. साध्या दोन नळ्यांच्या एपॉक्सीचा जोर ५०-६० अंशांच्या आसपास ढिला पडायला लागतो, आणि मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर जातो. चाकू तिथं ठेवायचा नाही, एवढं तरी गिऱ्हाइकानं पाळावं. पुन्हा चिकटवताना जुना गोंद पूर्ण खरवडून काढा, दोन्ही बाजू ८० नंबरच्या पेपरनं खरखरीत करा, स्पिरिटनं पुसा, सावकाश वाळणारा एपॉक्सी लावा आणि चिमट्यानं जेमतेम धरा. आवळून धरलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. चोवीस तास हात नको. हे काम दिवाळीनंतर करावं, हवा मधली असते तेव्हा.

तेल कोणतं, याबद्दल सोलापुरात हमखास चूक होते. घरात करडईचं तेल असतं, तेच लावतात. ते हवेत हळूहळू घट्ट होतं. दोन महिन्यांत मुठीवर चिकट थर बसतो आणि सांध्यात गेलं तर पातं उघडायला जड होतं. मुठीला लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब, तळहातानं चोळून, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून, उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा. तेलात बुडवून ठेवू नका, कडेनं आत जातं आणि गोंद सोडवतं.

बारीक गोल भोकं आणि खाली भुकटी दिसली तर कसर लागलीय. लोकरीचे कपडे खाणारे किडे शिंगही खातात, केराटिनच ते. चाकू पिशवीत गुंडाळून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर वर पाणी धरतं.

जे स्वतः बनवतात त्यांच्यासाठी थोडं. पट्ट्या कापल्यावर लगेच लावू नका. मी प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहितो, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर दर रविवारी पुन्हा तोलतो. ओला माल पहिल्या काही आठवड्यांत भराभर उतरतो, मग थांबतो. लागोपाठ चार रविवार वजन हललं नाही की पट्टी तयार. माझ्या अनुभवात याला सहा महिन्यांच्या पुढेच लागतं, आणि त्यात एक उन्हाळा आलेला बरा. बेल्ट ग्राइंडरवर घासताना बोट पट्टीवर ठेवा, बोटाला सोसवेना झालं की थांबा. केस जळाल्याचा वास येतो तोवर उशीर झालेला असतो. मास्क लावाच, शिंगाची धूळ छातीत बसते.

आत्ता माझ्या टेबलावर एक चाकू आहे. मंगळवेढ्याच्या गिऱ्हाइकाचा, फिकट शिंगाचा, उजव्या पट्टीत बोल्स्टरजवळ, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्याजवळ, एक चंदेरी डाग. नखाला लागत नाही. दाबला तर मला वाटतं किंचित हलतो, मुलाला वाटतं नाही. कडेला पेन्सिलीनं डागाची हद्द आखून ठेवलीय आणि गिऱ्हाइकाला फोन केलाय. पोळा होईपर्यंत चाकू इथंच राहील. डाग आखलेल्या रेघेच्या बाहेर गेला तर नवी पट्टी माझ्या खर्चानं, नाही गेला तर आहे तसाच परत.